एकच प्याला : शोकात्मिकेतील पौरुषकल्पना

एकच प्याला हे राम गणेश गडकरी (२६ मे १८८५–२३ जानेवारी १९१९) यांचे पाच अंकी संगीत नाटक. मराठी रंगभूमीवरील ही सर्वांत प्रसिद्ध शोकात्मिका होय. गडकऱ्यांचे निधन विदर्भातील सावनेर येथे झाले आणि त्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोदे येथे केला. नाटककाराच्या अकाली मृत्यूमुळे त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी व सुधाकराची गणपतराव बोडस यांनी केली. मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविणारे नाटक म्हणून ते ओळखले जाते आणि ही ओळख खोटी नाही. तथापि ती अपुरी आहे. पुरुषाने पुरुष म्हणून कसे असावे व स्त्रीने त्यासाठी काय सोसावे, यांविषयीच्या तत्कालीन समजुती या नाटकात जितक्या स्पष्टपणे उमटल्या आहेत, तितक्या त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही मराठी नाटकात क्वचितच आढळतील.

सुधाकर हा गरिबीतून केवळ बुद्धीच्या बळावर वर आलेला तरुण वकील. त्याची पत्नी सिंधू श्रीमंत घरातील आहे. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडून त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. या अपमानाचा विसर पडावा म्हणून, तळीराम या आपल्या कारकुनाच्या आग्रहावरून तो पहिला प्याला घेतो आणि त्यातून सर्वनाशाकडे ओढला जातो. मधे एकदा तो व्यसन सोडण्याचा निश्चय करून नोकरीच्या शोधात हिंडतो. पण प्रतिष्ठितांच्या दारी उपहासच वाट्याला आल्याने पुन्हा दारूकडे वळतो. माहेरची मदत नाकारून सिंधू मोलाने दळण दळते. अखेर दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो आणि सिंधूही जबर जखमी होते. फौजदारापुढे ती आपण पडल्यामुळे जखम झाल्याचे सांगते व पतीला वाचविते. सुधाकर प्याल्यात विष घालून ते पितो आणि दोघांचाही अंत होतो. सुधाकराचा मित्र रामलाल, बालविधवा बहीण शरद, व्यसनातून सावरलेला भगीरथ आणि तळीरामाची पत्नी गीता ही उपकथानकांतील महत्त्वाची पात्रे होत.

मद्यपाननिषेध हा विषय गडकऱ्यांना नवा नव्हता. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत होते. त्यांनी मूकनायक (१९०१) या नाटकात तो आधीच हाताळला होता. तेथे मात्र तो सुखान्त प्रेमकथेत विरघळून जातो. गडकऱ्यांनी त्याला थेट मृत्यूपर्यंत नेले, एवढेच सांगून बहुतेक समीक्षक थांबतात. मग एक जुना आक्षेप येतो तो असा की, सुधाकराचा अधःपात फार झटपट होतो; एका अपमानाने एवढा बुद्धिमान माणूस कोसळावा हे पटत नाही. दारू हेच कारण मानले तर हा आक्षेप बिनतोड आहे. नाटकातील घटनांचा क्रम पाहिला, तर मात्र दारू ही कार्यकारणांच्या साखळीतील दुसरी कडी ठरते. पहिली कडी न्यायालयात आहे.

सुधाकराजवळ वडिलोपार्जित असे काही नाही. घर, लौकिक, पत्नीच्या धनाढ्य माहेरापुढे ताठ उभे राहण्याचे बळ, हे सारे त्याने वकिलीच्या सनदेवर उभारलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यायालय हे सर्वस्वी पुरुषांचे क्षेत्र होते. स्त्रियांना वकिलीचा मार्ग कायद्याने मोकळा झाला तो १९२३ मध्ये, म्हणजे नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर चार वर्षांनी. या क्षेत्रात पुरुषाची किंमत इतर पुरुष ठरवीत. अशा माणसाचा तेजोभंग चारचौघांत झाला म्हणजे केवळ व्यवसाय बुडत नाही, तर आपण कोण या प्रश्नाचे त्याच्याजवळ असलेले एकमेव उत्तर नाहीसे होते. गडकऱ्यांनी सुधाकराला ‘मानी’ केले आहे. हा शब्द मराठीत गुण म्हणून वापरला जातो. त्याच गुणाला नाटकात विनाशाचे बीज केले आहे, ही या शोकात्मिकेची खरी ताकद. अपमान गिळून उद्या पुन्हा उभे राहणे हे या मानी पुरुषाला कमीपणाचे वाटते. दारू मात्र तसे वाटू देत नाही.

तुलनेसाठी शेक्सपिअरचे मॅक्‌बेथ घेता येईल. शि. म. परांजपे यांच्या मानाजीराव व वि. वा. शिरवाडकर यांच्या राजमुकुट (१९५४) या नाटकांतून ते मराठीत आले आहे. तेथे पत्नी पतीच्या मर्दपणालाच आव्हान देते आणि तो खुनास प्रवृत्त होतो. एकच प्याल्यात असे डिवचणारी स्त्री नाही. सिंधू नवऱ्याला त्याच्या अपयशाबद्दल एका शब्दानेही टोचत नाही. डिवचण्याचे काम पुरुषांचा समाजच करतो. आर्य मदिरा मंडळाचे प्रसंग विनोदी म्हणून गाजले आणि ते आहेतही तसे; सभा, भाषणे व मंडळे यांचा त्या काळी जो सुकाळ झाला होता त्याचे ते विडंबन आहे. परंतु त्यातील थट्टा बाजूला केली तर उरते ते पुरुषांचे एक जग. नोकरी, अब्रू, नाते यांपैकी काहीही गमावलेल्याला तेथे पुन्हा बरोबरीचे स्थान मिळते आणि अट एकच असते, ती म्हणजे पेला नाकारायचा नाही. सुधाकर व्यसन सोडून प्रतिष्ठितांकडे जातो तेव्हा त्याला हाकलून देणारे जग आणि हे मंडळ यांत अंतर वाटते तेवढे नाही. दोन्ही ठिकाणी माणसाचे मोल इतरांच्या नजरेवर ठरते. नाटककाराने हा प्रसंग पहिल्या पतनाइतक्याच ताकदीने लिहिला आहे. झटपट अधःपाताचा आक्षेप घेणाऱ्यांनी या दुसऱ्या पतनाकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे म्हणावे लागते.

रामलाल हा विलायतेस जाऊन आलेला, संयमी, सुधारक वृत्तीचा पुरुष. सुधाकराला प्रतितोल म्हणून तो योजिलेला आहे. शरदला तो मुलीप्रमाणे सांभाळतो, शिकवितो, आणि एका क्षणी आपल्या वात्सल्याचे रूप पालटले आहे हे त्याच्या ध्यानात येते. त्यावरील त्याचे आत्मपरीक्षण हा नाटकातील धाडसी भाग आहे. स्त्रीचा उद्धार करणाऱ्या पुरुषाच्या मनात मालकीची भावना किती सहज शिरते, हे १९१९ च्या सुधारक प्रेक्षकाला ऐकविणे सोपे नव्हते. दुर्दैवाने गडकरी रामलालाला लगेच त्यागमूर्ती करून मोकळे होतात आणि प्रश्न अर्धवट राहतो. शरदला काय वाटते हे या साऱ्या गदारोळात फारसे कोणी विचारीत नाही.

सिंधू हे मराठी प्रेक्षकाने सर्वाधिक अश्रू ढाळलेले पात्र असावे. इतरत्र कोट्या, उपमा व अनुप्रास यांच्या मोहात सापडणारी गडकऱ्यांची भाषा सिंधूच्या तोंडी पुष्कळदा साधी होते. जात्यावर बसलेली सिंधू, घरात मुलापुरते दूध नसणे, माहेरच्यांना दिलेला नकार, हे प्रसंग आजही वाचताना ठसतात. तिच्या चित्रणात दुबळेपणा नाही. उलट घर चालविण्याचे सर्व काम, मिळकतीसह, तीच करते. पुरुषाने करावयाचे म्हणून जे मानले जाई ते ती करीत असते आणि ते ती करते आहे हे कोणी मान्य करू नये, याचीही काळजी तीच घेते. नवऱ्याचा मान शाबूत आहे असा देखावा टिकविणे हे तिचे सर्वांत कष्टाचे काम होय. दळणाचे श्रम त्यापुढे हलके ठरतात.

या देखाव्याची परिसीमा फौजदाराच्या प्रसंगात होते. मरणाऱ्या व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी दिलेली जबानी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ग्राह्य धरलेली होती. मरणाच्या दारात माणूस खोटे बोलत नाही, हे या नियमामागील गृहीत. वकिलाची पत्नी मरताना नेमके खोटे बोलते आणि कायद्याचे हात बांधले जातात. प्रेक्षागृहात या क्षणी हुंदके ऐकू येत, ते सिंधूच्या थोरवीसाठी. पण त्याच क्षणी एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूची दाद लागण्याची शक्यताही संपते. नाटककाराने ही बाजू झाकलेली नाही, मात्र तिच्याकडे बोटही दाखविलेले नाही. पातिव्रत्य हे मूल्य आणि न्याय हे मूल्य येथे समोरासमोर उभे आहेत. गडकऱ्यांच्या प्रतिभेने हा संघर्ष निर्माण केला. त्यांच्या श्रद्धेने तो पुढे नेण्याचे नाकारले.

सिंधूची निष्ठा संपूर्ण असूनही सुधाकर तिच्यावर संशय घेतो आणि मूल आपले नाही असे म्हणतो. गो. ब. देवल यांच्या झुंझारराव (१८९०) या ऑथेल्लोच्या रूपांतरात संशय पेरणारा खलपुरुष आहे व पुरावा म्हणून वस्तूही आहे. येथे तशी गरज भासत नाही. कर्तेपण, मिळकत व चारचौघांतील मान गेल्यावर पुरुषाकडे जो शेवटचा हक्क उरतो तो पत्नीच्या शरीरावरील मालकीचा. तो गाजविण्यासाठी संशय पुरेसा होतो. सोटा उगारला जातो तो या हक्काच्या नावाने. नशेत केलेले कृत्य म्हणून या प्रसंगाकडे पाहिले तर नशेने नेमका हाच विचार का वर आणला, हे कळत नाही.

सिंधूच्या आदर्शाला त्या काळी पर्याय सुचलाच नव्हता, असा समज करून घेण्याचे कारण नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पातिव्रत्याचे सारे नियम एकट्या स्त्रीसाठीच का, पुरुषांचे वर्तन कोण मोजणार, असा रोखठोक सवाल त्यात आहे. हा निबंध पुढे विस्मृतीत गेला व १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. गडकऱ्यांच्या पिढीपुढे तो असण्याची शक्यता कमीच. तरीही त्यातील सूराशी जवळचे नाते सांगणारे पात्र एकच प्याल्यात आहे, ते म्हणजे गीता. ती नवऱ्याला घाबरत नाही, तोंडावर बोलते, आणि जे सिंधूला दिसत असूनही बोलायचे नसते ते बोलून दाखविते. विनोदी पात्राची बायको म्हणून तिलाही विनोदी खात्यात टाकले गेले आहे, आणि त्यामुळे तिचे शहाणपण हशात बुडते. तळीरामाच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर यांच्या भांडणाचा प्रसंग जितका रंगविला आहे त्याच्या निम्मी जागा गीतेला दिली असती, तर नाटकाचा तोल निराळा झाला असता.

मराठी शोकात्मिकेचा आरंभ ज्या नाटकाने झाला असे सामान्यतः मानतात, त्या वि. ज. कीर्तने यांच्या थोरले माधवराव पेशवे (१८६१) या नाटकात पतीच्या मृत्यूपाठोपाठ रमाबाईचे सहगमन येते. संस्कृत नाट्यपरंपरेने टाळलेला नायकाचा मृत्यू मराठी रंगभूमीवर आला तो पत्नीच्या मृत्यूला बरोबर घेऊन. सती जाणे कायद्याने केव्हाच बंद झाले होते. एकच प्याल्याचा शेवट त्याच आकृतीचे मध्यमवर्गीय, विसाव्या शतकातील रूप आहे. युरोपीय रंगभूमीवर इब्सेनची नोरा १८७९ मध्येच घराचे दार लावून बाहेर पडली होती. मराठी नाटकातील सिंधूला दार उघडे असूनही ती बाहेर पडत नाही. भाऊ न्यायला येतो, तरी ती राहते.

या सर्वाला प्रयोगाच्या परंपरेने आणखी एक पदर दिला आहे. ज्या सिंधूकडे स्त्रियांनी आदर्श म्हणून पाहावे असे मानले गेले, ती रंगमंचावर एका पुरुषाने साकार केली होती. बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) यांच्या वेशभूषेचे व बोलण्याचालण्याचे अनुकरण सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत, हे सर्वश्रुत आहे. भरजरी शालूंसाठी ख्याती पावलेल्या या नटाने सिंधूसाठी फाटके लुगडे नेसले आणि दैन्याचेही सौंदर्य प्रेक्षकांना दाखविले. यात त्यांच्या अभिनयाचे यश आहे. पण पुरुषाने लिहिलेली, पुरुषाने नटलेली आणि बव्हंशी पुरुषांनीच समीक्षा केलेली ही स्त्री, खऱ्या स्त्रियांना कितपत ओळखीची वाटली असेल, हा प्रश्न उरतोच. प्रेक्षागृहातील स्त्रिया रडत. त्या सिंधूसाठी रडत की स्वतःसाठी, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. नाट्यमन्वंतर संस्थेने आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांना दिल्या, तेव्हापासून ही परंपरा ओसरू लागली. पुढे सिंधूही स्त्रियाच करू लागल्या, मात्र भूमिकेचा साचा दीर्घकाळ बालगंधर्वांचाच राहिला.

नाटकाच्या कलात्मक मर्यादा सर्वमान्य आहेत. करुणाचा अतिरेक, लांबलचक स्वगते, शब्दचमत्कृतीचा हव्यास हे दोष वि. स. खांडेकरांच्या गडकरी : व्यक्ति आणि वाङ्मय (१९३२) या ग्रंथापासून वारंवार चर्चिले गेले आहेत आणि त्यांचा येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. मद्यपानाच्या पायऱ्यांचे सुधाकराने केलेले विवेचन मात्र भाषणबाजी म्हणून सोडून देता येत नाही. व्यसनी माणूस स्वतःच्या नाशाचे इतके अचूक निदान करतो आणि तरीही थांबत नाही, यात शोकात्मिकेला आवश्यक असलेले ज्ञान व असहायता यांचे मिश्रण आहे. त्याला एवढेच उमगत नाही की, आपल्या दुखण्याला दारूपूर्वीचाही एक टप्पा होता.

दारू हा घरातला प्रश्न मानून सिंधू तो घरातच पुरते. पुढील काळात तो घराबाहेर आला. १९३० च्या सविनय कायदेभंगात स्त्रिया दारूच्या दुकानांवर निरोधने करण्यास उभ्या राहिल्या. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम संमत झाला. विदर्भात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, तर गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील बंदी २०१५ मध्ये येऊन २०२१ मध्ये उठली. वर्धा व चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातही दारूबंदीची मागणी स्त्रियांनी लावून धरली. गावातील दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात झाली. तिच्यातील ‘आडवी बाटली’ ही निशाणी ग्रामीण स्त्रियांच्या तोंडी रूढ झाली. बंदीने दारू खरोखर किती थांबते, हा निराळा व वादाचा विषय आहे. नाटकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, बाटलीविषयी निर्णय करणारी स्त्री गडकऱ्यांच्या कल्पनेत कोठेच नव्हती.

पौरुषाचा प्रश्न मात्र दारूबरोबर संपत नाही. घाटंजी, कळंब, पांढरकवडा अशा तालुक्यांचा यवतमाळ जिल्हा हा कापसाचा प्रदेश. गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे त्याचे नाव देशभर घेतले गेले. नापिकी, कोसळलेले भाव व कर्ज ही या मृत्यूंची आर्थिक कारणे होत, आणि ती दृष्टिआड करून व्यसनाकडे बोट दाखविणे हा अन्याय आहे. पण सावकार किंवा बँकेचा माणूस दारात आला म्हणजे चारचौघांत मान गेला, ही भावनाही त्यांच्या जोडीला असते. मान गेला की जगणे संपले असे मानणाऱ्या पुरुषाची ही अवस्था सुधाकराहून फार दूरची नाही; त्याची सनद गेली, येथे पीक जाते. मागे राहणारी स्त्री मात्र सिंधूप्रमाणे पायाशी प्राण सोडत नाही. तिला शासकीय मदतीसाठी कुटुंब पात्र ठरवून घ्यावे लागते, कर्जाचे व जमिनीचे कागद शोधावे लागतात आणि मुले वाढवावी लागतात.

अशा स्त्रियांचे जीवन मांडणारे तेरवं हे नाटक श्याम पेठकर यांनी लिहिले व हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केले. शेतकरी आत्महत्येमुळे वैधव्य आलेल्या विदर्भातील स्त्रियांनी स्वतःच त्यात भूमिका केल्या. त्यांपैकी एक, वैशाली येडे यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन झाले. गडकऱ्यांच्या निधनाला त्या महिन्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि एकच प्याल्याच्या पहिल्या प्रयोगाची शताब्दी पुढच्याच महिन्यात होती.